कोल्हापुरात घरच्या घरी, कमी खर्चात गाडीचे ब्रेक कसे सुधारावेत?

भावा, करूळ घाट उतरताना पेडल मऊ पडतं म्हणतोयस, तर मोठ्या डिस्कच्या (चाकासोबत फिरणारी ब्रेकची चकती) मागे लागू नकोस. आधी ब्रेक ऑइल बदल. ते हवेतला ओलावा शोषतं, आणि आपल्याकडचा पाऊस तुला ठाऊकच आहे. ताजं डॉट ४ (ब्रेक ऑइलचा एक दर्जा) किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. पाणी मुरलं की ही मर्यादा १५५ पर्यंत उतरू शकते. उकळलं की वाफ होते, वाफ दबते आणि पेडल खाली जातं. माझ्या गाडीतलं ऑइल काढलं तेव्हा कोऱ्या चहासारखं काळपट होतं.

कामाला दोघं लागतात. एकानं पेडल दाबून धरायचं, दुसऱ्यानं निपल (चाकाजवळचा, ऑइल सोडायचा छोटा स्क्रू) सैल करून पारदर्शक नळीतून ऑइल सोडायचं, बुडबुडे थांबेपर्यंत. निपल घट्ट केल्याशिवाय पेडल सोडायचं नाही. बॉनेटखालच्या ब्रेक ऑइलच्या डबीतली पातळी सतत बघ, रिकामी झाली तर परत हवा शिरते. एबीएसच्या (चाकं लॉक होऊ न देणारी यंत्रणा) युनिटमध्ये हवा गेली तर मात्र गॅरेजच गाठावं लागतं.

मग चांगले पॅड (डिस्कवर घासून गाडी थांबवणारे) घाल. कॅलिपरच्या (पॅड डिस्कवर दाबणारा भाग) पिना पुसून सिलिकॉन ग्रीस लाव. पिन अडकली की एकच पॅड झिजतो, आणि हे बरेच जण बघतच नाहीत. डिस्कवर किमान जाडी कोरलेली असते, डिस्क मोजून त्याहून पातळ झाली नाही ना ते बघ.

आणि कळकळीनं सांगतो, नुसत्या जॅकवर भरवसा ठेवू नकोस, खाली स्टँड लावच. घाटात जाण्याआधी मोकळ्या रस्त्यावर नवे पॅड बसू दे, म्हणजे डिस्कशी नीट जुळू दे.