हळदीचा पिवळा आणि पासष्ट हजारांचा लॅपटॉप

प्रश्न : नमस्कार दादा. मी सांगोल्यात लग्नाचं शूटिंग करतो. कॅननचा आर-सिक्स आहे, सी-लॉग लावून फोर-के शूट करतो. घरचा जुना डेस्कटॉप प्रीमियर या एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये एक क्लिपसुद्धा सलग चालवत नाही. बजेट ६५ हजार, ओढूनताणून ७०. दुकानदार म्हणतो, ग्राफिक कार्ड मोठं घे, बाकी काही बघू नको. मित्र म्हणतो, मॅकच घे. काय करू?

उत्तर : बहुतेक पत्रांत फक्त रक्कम लिहिलेली असते. तुम्ही कॅमेरा आणि सी-लॉग दोन्ही सांगितलंत, म्हणून नेमकं बोलता येतंय. लॅपटॉप पैशावरून नव्हे, आधी फुटेजवरून ठरवायचा.

सी-लॉग म्हणजे रंग नंतर भरता यावेत म्हणून मुद्दाम फिकं चित्र घेण्याची पद्धत. आर-सिक्सवर ते सुरू केलं की फाईल एच.२६५ मध्ये (व्हिडिओ दाबून लहान करायची एक पद्धत), १०-बिट, ४:२:२ अशी, म्हणजे रंगांची जास्त माहिती ठेवणारी, तयार होते. फोर-के २५ फ्रेमला सेकंदाला सुमारे १७० मेगाबिट, म्हणजे तासाला ७६ जीबीच्या आसपास. पण डेस्कटॉप अडतोय तो आकारामुळे नाही. या फाईलमध्ये पूर्ण चित्र अधूनमधूनच साठवलेलं असतं, मधल्या फ्रेममध्ये फक्त काय बदललं तेवढंच असतं. टाइमलाइनवर तुम्ही एखाद्या फ्रेमवर येऊन थांबलात, की तेवढी एक दाखवायला आजूबाजूच्या कितीतरी फ्रेम सोडवाव्या लागतात. हे काम चिपमधला एक खास भाग करतो, डिकोडर. तो भाग तुमची फाईल ओळखत नसेल तर सगळा भार प्रोसेसरवर येतो आणि क्लिप अडखळते.

आता दुकानदाराच्या सल्ल्याकडे बघा. एच.२६५ चं १०-बिट ४:२:२ सोडवायची सोय इंटेलच्या ११व्या पिढीपासून पुढच्या लॅपटॉप प्रोसेसरमधल्या अंगच्या ग्राफिक्समध्ये आहे. एनव्हिडियाच्या ग्राफिक कार्डांपैकी आरटीएक्स ३० आणि ४० मालिकेत ती नाही, ५० मालिकेत आली. म्हणजे एएमडीचा रायझन प्रोसेसर आणि आरटीएक्स ४०५० असा लॅपटॉप घेतलात, तर गेम छान चालतील आणि तुमची सप्तपदी मात्र अडखळेल. रायझन वाईट नाही. एखादा साध्या ८-बिट ४:२:० मध्ये शूट करत असता तर मी त्याला बिनधास्त घ्या म्हटलं असतं. तुमच्या फाईलसाठी मात्र इंटेलच बघा. आय-फाइव्ह १२४५०एच किंवा १३४२०एच, १६ जीबी रॅम आणि जमलं तर ६ जीबीचं आरटीएक्स ३०५०. रंगकाम, इफेक्ट आणि एक्स्पोर्टला हे कार्ड उपयोगी पडतं, क्लिप सोडवायचं काम इंटेल करतं.

घरी आणल्यावर एक गोष्ट विसरू नका. काही लॅपटॉपच्या सेटिंगमध्ये ‘फक्त मोठं ग्राफिक कार्ड वापरा’ असा पर्याय असतो. गेम खेळणारे तो चालू ठेवतात. तो चालू केला की इंटेलचं अंगचं ग्राफिक्स बंद पडतं आणि त्याच्याबरोबर तुमचा डिकोडरही जातो. माझ्याकडे येणाऱ्या एका मुलाने याच कारणाने चांगला लॅपटॉप ‘खराब निघाला’ म्हणून परत करायचं ठरवलं होतं. पर्याय बदलला आणि तीच क्लिप लोण्यासारखी चालली.

प्रोसेसरच्या नावातलं शेवटचं अक्षर नीट वाचा. २०१९ मध्ये मी ‘आय-सेव्हन आहे साहेब’ एवढ्या एका वाक्यावर सत्तर हजारांचा लॅपटॉप उचलला होता. शेवटी यू होतं. यू म्हणजे १५ वॉटच्या जातीचा, बॅटरी वाचवणारा. एच साधारण ४५ वॉटचा. दिवाळीनंतरच्या हंगामात तीन तासांची लग्नाची फिल्म एक्स्पोर्टला लावली. पहिली पंधरा मिनिटं जोरात गेली, मग अंग तापलं आणि वेग निम्म्यावर आला. रात्री नऊला लावलेली फिल्म सकाळी आठला संपली. मुलीचे वडील सातलाच दारात येऊन उभे होते. त्यांचा चेहरा अजून विसरलेलो नाही.

त्याच लॅपटॉपने दुसरा घाव स्क्रीनचा घातला. हळदीच्या विधीचं फुटेज मला सतत फिकट दिसायचं. मी पिवळा वाढवत गेलो, थोडा लालही वाढवला. फिल्म त्यांच्या टीव्हीवर लावली तर नवरी गालापासून कानापर्यंत केशरी. स्वस्त लॅपटॉपच्या माहितीत ‘४५ टक्के एनटीएससी’ लिहिलेलं असतं ते हेच. एनटीएससी आणि एसआरजीबी ही स्क्रीन किती रंग दाखवतो याची मापं. असा स्क्रीन एसआरजीबीचे साठ-पासष्ट टक्केच रंग दाखवतो, उरलेले तुम्ही अंदाजाने लावता. ‘१०० टक्के एसआरजीबी’ लिहिलेला स्क्रीन शोधा. तुमच्या बजेटमध्ये तो मिळाला नाही तर प्रोसेसरला हात लावू नका, सहा महिन्यांनी चांगला आयपीएस मॉनिटर जोडा. तोवर रंगाचा शेवटचा निकाल घरच्या टीव्हीवर बघूनच द्या. लग्नाच्या फिल्ममध्ये लोक आधी चेहरा बघतात. तो चुकला की बाकीची मेहनत कुणाला दिसत नाही.

खरेदीला जाताना पेनड्राइव्हमध्ये स्वतःच्या तीन क्लिप घेऊन जा : एक सी-लॉगची, एक फोनची, एक ड्रोनची असली तर ती. काउंटरवर लावायला सांगा आणि कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबून टास्क मॅनेजर उघडा. परफॉर्मन्समध्ये इंटेलच्या जीपीयूखाली ‘व्हिडिओ डीकोड’ नावाचा आलेख असतो. क्लिप चालू असताना तो वर गेला आणि सीपीयू शांत राहिला, तर काम झालं. आलेख शून्यावर आणि सीपीयू नव्वदच्या पुढे असेल, तर ती क्लिप डिकोडरवर चालत नाहीये. दुसऱ्या प्लेअरमध्ये एकदा लावून बघा आणि तिथेही तसंच झालं तर तो लॅपटॉप सोडा. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला जा नाहीतर सोलापुरातच घ्या, पण ही दोन मिनिटं मागून घ्या. जो दुकानदार क्लिप लावू देत नाही त्याच्याकडून घेऊ नका.

मागचं झाकण उघडून रॅमची जागा रिकामी आहे का आणि एसएसडीसाठी (फाईल साठवायची डिस्क) दुसरा स्लॉट आहे का, हे विचारा. ५१२ जीबीमध्ये विंडोज आणि प्रीमियर धरून तुमचं जेमतेम एक लग्न मावेल. बिल धंद्याच्या नावाने घ्या. लॅपटॉपवर १८ टक्के जीएसटी आहे आणि तुमची नोंदणी असेल तर त्याचं क्रेडिट मिळतं.

मॅकबद्दल मित्राचं म्हणणं चूक नाही. मॅकमधल्या एम मालिकेच्या चिप तुमची फाईल सुरेख सोडवतात. पण मार्च २०२५ मध्ये आलेला एम-फोर एअर ९९,९०० रुपयांना सुरू झाला. तुमच्या पैशात ८ जीबीचा जुना एम-वन मिळेल आणि त्यात रॅम नंतर कधीच वाढवता येत नाही. कर्ज काढून मॅक घेऊ नका.

आणखी एक, जे तुम्ही विचारलेलं नाही. सगळं लग्न सी-लॉगमध्ये कशाला? जेवणाच्या पंगती, आहेर, स्टेजवरच्या रांगा यांना सी-लॉग बंद ठेवलं तर कॅमेरा साधी ८-बिट एच.२६४ फाईल देतो आणि ती कुठलाही लॅपटॉप चालवतो. रंग जुळवायला थोडं जास्त बसावं लागेल, हे खरं. पण वऱ्हाडातल्या चारशे माणसांना १०-बिटची गरज नाही, ती नवरा-नवरीला आणि उन्हातल्या वरातीला आहे.

प्रश्न : मी चिपळूणजवळ शाळेत शिक्षिका आहे. मुलांसाठी विज्ञानाचे प्रयोग फोनवर शूट करते, फुल एचडीमध्ये. ४० हजारांत लॅपटॉप हवा. शिवाय सध्याच्या संगणकावर व्हिडिओ लांबला की आवाज पुढे जातो आणि ओठ मागे राहतात. हा दोष लॅपटॉप बदलल्यावर जाईल का?

उत्तर : नाही ताई, जाणार नाही, आणि त्यासाठी पैसे घालवूही नका. फोन प्रकाश कमी-जास्त झाला की फ्रेमचा वेग स्वतःच बदलतो, कधी ३०, कधी २४. एडिटिंगचं सॉफ्टवेअर वेग एकसारखा धरून चालतं, म्हणून दहाव्या मिनिटाला आवाज आणि ओठ यांची फारकत होते. हँडब्रेक नावाचं मोफत सॉफ्टवेअर घ्या, त्यात ‘कॉन्स्टंट फ्रेमरेट’ निवडा, क्लिप त्यातून काढा आणि मग एडिटला बसा. वर्गात ट्यूबलाइट लुकलुकत असेल तर फोनच्या प्रो मोडमध्ये २५ फ्रेम आणि शटर १/५० ठेवा. आपली वीज ५० हर्ट्झची आहे, त्यामुळे लुकलुक थांबते.

लॅपटॉपचं म्हणाल तर तुम्हाला वेगळं ग्राफिक कार्ड नको. रायझन बघताना आकड्यावर भुलू नका. सात हजारच्या मालिकेत तिसरा आकडा आतली रचना सांगतो. ७५२०यू मधला २ म्हणजे जुनी झेन-टू, ७५३० मधला ३ म्हणजे झेन-थ्री. नाव दोन्हीचं रायझन फाइव्हच, पण पहिल्यात चार कोअर आणि दुसऱ्यात सहा. दुसरा घ्या. ८ जीबी रॅम असेल आणि एक जागा मोकळी असेल तर आणखी ८ टाकून घ्या.

कंपन्यांनी वापरून काढलेले ११व्या पिढीचे आय-फाइव्ह लॅपटॉपही तुमच्या कामाला पुरतील. पण त्याच्याहून जुना, फक्त विंडोज १० चालणारा कुणी गळ्यात मारत असेल तर नको म्हणा. विंडोज १० चा नेहमीचा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला.

प्रश्न : एक्स्पोर्टला बॅटरीवर ठेवलं तर चालतं का? आमच्याकडे वीज जाते.

उत्तर : चालतं, पण चार्जर काढला की लॅपटॉप ग्राफिक कार्डची ताकद स्वतःच कमी करतो आणि वेळ वाढत जातो. फिल्म एकदम काढू नका, वीस-वीस मिनिटांचे तुकडे करून काढा आणि शेवटी जोडा. वीज गेली तरी एकच तुकडा वाया जाईल.