१७ नंबर भरलात, पण परीक्षेचा फॉर्म भरला का?

ताई, तुमची पोस्ट वाचली. आठवीनंतर शाळा सुटली, लग्न झालं, आता दहावी करायची आहे. दाखल्यावर माहेरचं नाव, आधारवर सासरचं. आणि १७ नंबर, म्हणजे राज्य बोर्डाची दहावी बाहेरून द्यायचा फॉर्म, भरू की एनआयओएस या मुक्त विद्यालयातून करू, हा घोळ. बाकीच्यांनी कागदपत्रांच्या याद्या दिल्याच आहेत, त्या मी परत देत नाही. पण शेवटी तुम्ही लिहिलंय, "एकदा ऑनलाइन फॉर्म भरला की मग फक्त अभ्यासच ना?" ते वाचून राहवलं नाही. माझंही अगदी हेच होतं, आणि त्यात माझं एक अख्खं वर्ष गेलं.

आधीच सांगते, मी बोर्डात नाही की शिक्षिका नाही. मी स्वतः लग्नानंतर बाहेरून दहावी केली आणि नंतर आमच्या बचत गटातल्या काही जणींचे फॉर्म भरून दिले, तेवढीच माझी माहिती. तारखा आणि शुल्क दरवर्षी बोर्डाच्या साइटवरच बघा. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारी यादी मागच्या वर्षीची असू शकते.

नावाचं पहिल्यांदा. दाखल्यावर आहे तेच नाव टाका, माहेरचंच. सासरचं नाव टाकायच्या मोहात पडू नका, मार्कशीट शाळेच्या नोंदीप्रमाणेच निघते. पुढे कुणी विचारलं तर विवाह नोंदणीचा दाखला जोडायचा किंवा राजपत्रात नाव बदलून घ्यायचं. त्यासाठी आता थांबू नका. मूळ दाखला हरवला असेल तर द्वितीय प्रत आणि सोबत प्रतिज्ञापत्र चालतं. तुमची आठवी झालीय, १७ नंबरला पाचवी पास लागते, त्यामुळे पात्रतेची काळजीच नाही.

आता मुद्द्याचं. १७ नंबरचा फॉर्म ही फक्त नावनोंदणी आहे. तुम्ही खासगी विद्यार्थी म्हणून बसणार एवढंच त्यातून बोर्डाला कळतं. परीक्षेचं आवेदनपत्र वेगळं, त्याचं शुल्क वेगळं, आणि ते तुम्ही घरबसल्या भरू शकत नाही. तुम्ही जी शाळा संपर्क केंद्र म्हणून निवडता, ती शाळा ते भरते. भरलं नाही तर हॉल तिकीट नाही. बस, इतकं साधं आहे आणि हेच कुणी धड सांगत नाही.

माझ्या संपर्क केंद्राने सांगितलं नाही. शाळेचं नाव लिहीत नाही, आता लिहून उपयोगही नाही. खिडकीवर पुठ्ठा लावलेला, "१७ नंबरवाल्यांनी दुपारी ३ नंतरच यावे". ३ नंतर गेलं की कारकून बाकीची कामं आवरत असायचे. मान वर न करता म्हणायचे, "तारखा आल्या की आम्ही फोन करू. तुमचा नंबर आहे आमच्याकडे." नंबर होता खरा, एका वहीच्या मागच्या पानावर पेन्सिलीने लिहिलेला. नावनोंदणीचं प्रमाणपत्र माझ्या हातात आलं होतं, त्यामुळे मलाही वाटलं, गाडी रुळावर आहे. दिवाळीनंतर विचारलं तर म्हणाले, "यादी बोर्डाकडूनच येते." यादी म्हणजे प्री-लिस्ट, परीक्षेला बसणाऱ्यांची तपासणीसाठी येणारी यादी, आणि ती येते शाळेने भरलेल्या आवेदनपत्रांवरून! नियमित तारीख गेली, विलंब शुल्काची गेली. जानेवारीत हॉल तिकिटाचं विचारायला गेले तेव्हा उत्तर मिळालं, "तुमचा फॉर्मच गेलेला नाही."

मग बोर्डाचं विभागीय कार्यालय. तिथे म्हणाले, आम्ही विद्यार्थ्यांशी थेट व्यवहार करत नाही, शाळेमार्फत या. शाळा म्हणाली, आता सगळं बोर्डाच्या हातात. लेखी अर्ज घेऊन गेले तर आवक क्रमांक टाकणारा माणूस जेवायला गेलेला. आला तेव्हा म्हणाला, अर्जावर मुख्याध्यापकांची सही नाही. मुख्याध्यापक सही का देतील? सही दिली म्हणजे चूक त्यांची ठरते. संसार, मुलं, कामावरची सुट्टी सांभाळून बाई पुस्तक उघडते आणि हे लोक तिला टोलवाटोलवीत बसवतात, याचा राग मला अजून येतो. असो.

म्हणून माझं ठाम मत, पटलं तर घ्या. संपर्क केंद्र निवडताना शाळेची इमारत, नाव, निकाल काही बघू नका. त्या शाळेत १७ नंबरची मुलं दरवर्षी किती बसतात हे विचारा. मागच्या वर्षी तिथून बसलेली एक तरी बाई किंवा पोरगा शोधा आणि कारकून कसा आहे ते त्यांच्याकडून काढून घ्या. चालत जाता येईल अशी शाळा असेल तर उत्तम, कारण नंतर केंद्र बदलायला गेलात तर वेगळाच ताप. नावनोंदणीची प्रिंट आणि कागद जमा करायला जाल तेव्हाच साध्या कागदावर एक अर्ज द्या, "माझे परीक्षेचे आवेदनपत्र मुदतीत भरून घ्यावे, कळवल्यास शुल्क लगेच भरेन." दोन प्रती न्या. एकीवर शिक्का आणि तारखेसह पोच घ्या. तोंड वाकडं करतील, करू द्या. दुसऱ्या वर्षी मी दुसऱ्या शाळेत नेमकं हेच केलं, आणि तिथल्या मॅडमनी ऑक्टोबरमध्ये स्वतः फोन केला. पोचेमुळे केला की त्या मुळातच चांगल्या होत्या, देव जाणे. प्री-लिस्ट आली की स्वतः जाऊन नाव, जन्मतारीख, विषय, माध्यम तपासा.

आणखी एक, अंतर्गत २० गुण विसरू नका. लेखी ८० ची असते. भाषांची तोंडी, विज्ञानाचं प्रात्यक्षिक, गणिताचे गृहपाठ हे संपर्क केंद्रातच होतं. तारीख तुम्हीच विचारत राहायची. तिथे गैरहजेरी लागली तर ३५ गुण एकट्या लेखीतून काढायचे.

गणिताची भीती लिहिलीय तुम्ही. गणित आणि विज्ञान मिळून ७० झाले आणि प्रत्येकात किमान २५ असले तरी पास होता येतं. भाषांनाही तसंच आहे, तिन्ही मिळून १०५, प्रत्येकीत किमान २५. केंद्रावर एकदा खात्री करून घ्या, पण हे कळल्यावर आमच्या गटातल्या एकीचा निम्मा ताण गेला.

आता एनआयओएस. केंद्र सरकारचं मुक्त विद्यालय, १९८९ पासूनचं, मराठी माध्यम आहे. पाच विषय पुरतात आणि त्यात गणित घेतलंच पाहिजे असं नाही. पाच वर्षांत नऊ संधी, आणि जे विषय पास झाले ते झाले, परत द्यावे लागत नाहीत. घरी लिहायच्या असाइनमेंटला २० टक्के वजन आहे. ज्यांना एका दमात सगळे विषय झेपणार नाहीत त्यांना मी हेच सुचवते. पण आयटीआयला इलेक्ट्रिशियन, फिटर असलं काही करायचं मनात असेल तर दहावीला गणित-विज्ञान लागतं, तेव्हा विषय निवडताना ते डोक्यात ठेवा. तुम्हाला नोकरीत बढतीसाठी नुसतं दहावी पास हवंय असं वाचलं, मग ऑफिसात आधी विचारून घ्या की त्यांना एनआयओएसचं प्रमाणपत्र चालतं का. चालायलाच हवं, मान्यता आहे. पण एचआरवाल्यांशी नंतर वाद घालण्यापेक्षा आधी मेलवर लेखी उत्तर घेतलेलं बरं.

"दहावी पास गॅरंटी" अशा पाट्या लावणाऱ्या क्लासवाल्यांकडे कृपा करून जाऊ नका. फॉर्म भरायला त्यांची गरज नाही, आणि मूळ दाखला तर त्यांच्या हातात अजिबात देऊ नका. तो अडकवून पैसे मागितल्याचं मी जवळून पाहिलंय.

जुनी शाळा दाखल्याला टाळाटाळ करत असेल तर तालुका आणि साल इथे लिहा, शाळेचं नाव नको. कुणाकडे लेखी अर्ज करायचा ते सांगते.