ट्विन घेण्याआधी

तुला ट्विन रिव्हर्ब हा गिटारचा अँप (अँप्लिफायर) घ्यायचाय. त्याचा स्वच्छ, खणखणीत आवाज एकदा ऐकला की दुसरं काही नको वाटतं, हे मला पटतं. पण फेंडर कंपनीचा हा अँप ८५ वॅटचा आणि वजनाला साधारण २९ किलो. जड ट्रान्सफॉर्मर, बारा इंची दोन स्पीकर, वर मधोमध एकच हँडल. चाकं सपाट जमिनीवर कामाची, जिन्यावर नाहीत. लिफ्ट नसेल तर आधी तेवढं वजन एका हातात घेऊन तीन मजले चढून बघ.

आणि आवाज! आतले व्हॉल्व्ह (आवाज वाढवणाऱ्या काचेच्या नळ्या) जोरात चालले की जो गोड खरखरीतपणा येतो, तो ट्विनवर घरात मिळणारच नाही. तिथवर पोचेपर्यंत शेजारी दारात आलेले असतात. फेंडरचाच छोटा, २२ वॅटचा डिलक्स रिव्हर्ब सुमारे १९ किलोचा आणि ताकदीत फरक जेमतेम ६ डेसिबलचा. छोट्या हॉलला तो पुरून उरतो. माझं मत विचारशील तर पहिला तोच घे.

अमेरिकेतून कुणी आणून देणार असेल तर मागची पाटी वाच. १२० व्होल्टचा अँप आपल्या २३० वर थेट लावायचा नाही. व्होल्टेज कमी करणारा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागतो, म्हणजे आणखी ओझं. कुठलाही व्हॉल्व्ह अँप स्पीकर जोडल्याशिवाय चालू करू नकोस, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो. वाजवून झाल्यावर व्हॉल्व्ह गार होऊ दे, मगच गाडीत ठेव. दुरुस्तीसाठी चॅसिस (आतला सर्किटचा धातूचा सांगाडा) स्वतः उघडू नकोस: प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये शेकडो व्होल्ट उरलेले असू शकतात, जीव जाऊ शकतो.