डॅक नंतर घ्या, आधी खोलीतला घुमारा काढा

आपण विचारले आहे की तीस हजार रुपयांच्या आत घरी डिजिटल संगीत ऐकण्याची साधी पण चांगल्या आवाजाची यंत्रणा कशी उभारावी, स्वतंत्र डॅक (डिजिटल फाइलचे स्पीकरला चालेल अशा विद्युत संकेतात रूपांतर करणारे उपकरण) घ्यावा का, आणि २४ बिट, १९२ किलोहर्ट्झच्या, म्हणजे सीडीपेक्षा बारीक नोंद असलेल्या, फाइल जमवाव्यात की सीडीच्या दर्जाच्या पुरतात. प्रश्नाच्या शेवटी आपण एक वाक्य जोडले आहे : ‘वडिलांना कमी ऐकू येते, त्यामुळे त्यांचा वेगळा विचार करण्याची गरज नाही.’ त्या वाक्यामुळेच मी हे उत्तर लिहीत आहे. हेच वाक्य नऊ वर्षांपूर्वी आमच्या घरी माझे दाजी बोलले होते आणि ते मला आजही मान्य नाही.

आमचे घर सोलापूरच्या पूर्व भागात आहे. माझ्या वडिलांनी, आप्पांनी, एकतीस वर्षे यंत्रमागावर काम केले. शटलच्या मागांच्या शेडमध्ये आवाज ९० डेसिबलच्या वर असतो आणि त्या काळी कानात कापसाचा बोळा घालण्यापलीकडे कोणी काही करत नसे. निवृत्तीनंतर श्रवणचाचणी केली, तेव्हा आलेखाची रेघ ४००० हर्ट्झजवळ, म्हणजे सेकंदाला ४००० कंपनांच्या उंच स्वराजवळ, खोल खाली गेलेली होती. सततच्या गोंगाटाने कान प्रथम इथेच बधिर होतो, आणि बोलण्यातील ‘स’, ‘श’, ‘त’, ‘क’ यांसारखी व्यंजने ओळखण्यासाठी लागणारा पुष्कळसा आवाज याच भागात असतो. म्हणजे कोणी बोलत आहे हे आप्पांना कळते, पण काय बोलत आहे हे निसटते. त्यांना शास्त्रीय गायक मल्लिकार्जुन मन्सूर यांनी गायलेली कन्नड वचने, म्हणजे शरणांची भक्तिपर पदे, अतिशय प्रिय आहेत, आणि वचनातला शब्दच कळला नाही तर उरते काय?

दाजींचे म्हणणे असे होते की आप्पांना कोपऱ्यात एक ब्लूटूथचा डबा आणून द्यावा, कारण त्यांना फरक कळणार नाही, आणि चांगली यंत्रणा ज्याचे कान चांगले त्याने घ्यावी. वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. खालच्या पट्टीतला मोठा आवाज वरच्या पट्टीतल्या बारीक आवाजाला झाकून टाकतो. निरोगी कानातही हे घडते, पण ज्याची वरची पट्टी आधीच क्षीण झाली आहे त्याच्यापाशी झाकायला फार थोडे शिल्लक असते. शिवाय अशा कानाला बारीक आवाज ऐकूच येत नाही आणि थोडा वाढवला की तो एकदम टोचू लागतो, त्यामुळे ‘आवाज मोठा करा’ हा उपाय होत नाही. गढूळ आवाजाचा सर्वांत जास्त त्रास कमी ऐकू येणाऱ्या माणसालाच होतो.

माझी पहिली मांडणीही चुकीचीच होती, हे आधी सांगतो. रास्पबेरी पाय हा तळहाताएवढा संगणक, त्यावर बसवलेला छोटा डॅक आणि पाच इंची वूफरचे (खर्जाच्या पडद्याचे), ॲम्प्लिफायर आतच असलेले दोन स्पीकर असे सामान मी आणले आणि जागा वाचावी म्हणून दोन्ही स्पीकर लोखंडी कपाटावर, छताजवळच्या कोपऱ्यात चढवले. खोली बारा फूट लांब, दहा फूट रुंद आणि दहा फूट उंच. खाली शहाबादी फरशी, वर स्लॅब, भिंतींना गुळगुळीत रंग. पलंग समोरच्या भिंतीला टेकलेला. आप्पांनी पाच मिनिटे ऐकले आणि म्हणाले, “शब्द कुठं हायत यात? नुसतं घुमतंय.” दाजी तेव्हा शेजारीच बसले होते. त्यांनी माझ्याकडे पाहिले आणि काही बोलले नाहीत, ते मला अधिक लागले.

घुमण्याचे कारण खोलीच्या मापात होते. समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये ज्या ध्वनीच्या लहरीची अर्धी लांबी नेमकी बसते, तो ध्वनी त्या खोलीत फुगतो. बारा फुटांसाठी हा आकडा साधारण ४७ हर्ट्झ येतो आणि दहा फुटांसाठी साधारण ५६. आमच्या खोलीची रुंदी आणि उंची सारखीच, म्हणून ५६ हर्ट्झ दोन्हीकडून फुगत होता आणि त्याच्या दुपटीचा, ११२ च्या आसपासचा ध्वनीही, जिथे डग्ग्याचा घुमारा असतो. कोपऱ्यात ठेवलेला स्पीकर हे सगळे अधिकच उठवतो, आणि भिंतीला टेकून ऐकणाऱ्याच्या कानाशी ते पुन्हा साठते. दोन्ही चुका मी एकाच खोलीत केल्या होत्या.

त्यानंतर मी नवे काहीही विकत घेतले नाही. आईची जुनी सागवानी घडवंची माळ्यावर पडून होती. सुताराकडून ती कापून तिचे दोन स्टँड करून घेतले, त्यामुळे स्पीकरचा ट्वीटर, म्हणजे उंच स्वरांचा छोटा पडदा, बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीला आला. स्पीकर मागच्या भिंतीपासून दोन फूट पुढे आणि एकमेकांपासून साडेपाच फुटांवर ठेवले. पलंग भिंतीपासून साडेतीन फूट पुढे ओढला. खोलीचा बरोबर मध्य टाळायचा, कारण तिथे काही खर्ज स्वर जवळजवळ नाहीसे होतात. आप्पा दोन दिवस नाराज होते. भिंतीला पाठ टेकायची त्यांची तीस वर्षांची सवय होती. मग धाकट्या मुलाला आरसा घेऊन बाजूच्या भिंतीलगत चालायला लावले आणि पलंगावरून आरशात जिथे स्पीकर दिसला तिथे खडूने खूण केली. आवाज भिंतीवर आपटून पहिल्यांदा कानाकडे येतो तो याच जागेवरून. तिथे जाड सोलापुरी चादर टांगली. ताणून नव्हे, तर चुण्या पाडून आणि लाकडी पट्टीने भिंतीपासून चार इंच पुढे, कारण भिंतीला चिकटवलेली चादर अगदी वरच्याच पट्टीचा आवाज शोषते. मागच्या दोन्ही कोपऱ्यांत कापसाच्या गाद्यांच्या वळकट्या उभ्या केल्या.

ज्या संध्याकाळी हे पूर्ण झाले, त्या संध्याकाळी आप्पांनी एक वचन सुरुवातीपासून शेवटपर्यंत ऐकले आणि त्याची शेवटची ओळ गायकाच्या आधी स्वतः म्हटली. त्यांना ते पाठ होतेच, पण कुठल्या ठिकाणी म्हणायचे हे त्यांना ऐकून कळले होते.

आता आपल्या प्रश्नाकडे येतो. पैशांचा मोठा भाग स्पीकरवर घाला. फाइल वाजवायला लॅपटॉप असेल तर तोच चालेल. स्वतंत्र डॅक तेव्हाच घ्या, जेव्हा लॅपटॉपच्या सॉकेटमधून सूं असा आवाज किंवा खरखर येते. रास्पबेरी पाय घेतलात तर मात्र डॅक हवाच, कारण जुन्या पायच्या ३.५ मिमी सॉकेटचा आवाज सुमार आहे आणि २०२३ मध्ये आलेल्या पाय ५ वर ते सॉकेटच नाही. त्यावर वोल्यूमिओ किंवा मूड या गाणी वाजवणाऱ्या सॉफ्टवेअरपैकी एक घाला आणि मोबाइलवरून गाणी निवडा. माझे सगळे सामान २३ हजारांत बसले होते. आज थोडे अधिक लागेल.

फाइलींचे म्हणाल तर सीडी दर्जा, म्हणजे १६ बिट आणि ४४.१ किलोहर्ट्झ, फ्लॅक या फाइल दाबून ठेवण्याच्या प्रकारात साठवा. फ्लॅकमध्ये काहीही गळत नाही आणि जागा साधारण निम्मी ते साठ टक्के लागते. सेकंदाला घेतलेल्या ४४.१ हजार नमुन्यांतून २२ किलोहर्ट्झपर्यंतचा ध्वनी पुरा उभा राहतो, आणि त्यापलीकडचे तरुण कानालाही ऐकू येत नाही. १९२ किलोहर्ट्झची २४ बिट फाइल न दाबता ठेवली तर तिला सीडीच्या साडेसहा पट जागा लागते. दाजींचा या फाइलींवर आणि महागड्या डॅकवर गाढ विश्वास आहे. एका भाऊबीजेला ते आपला डॅक घेऊन आले, तेव्हा मी १ किलोहर्ट्झचा स्वर वाजवून दोन्ही डॅकची पातळी मल्टिमीटरने जुळवली, कारण किंचित मोठा आवाज बहुतेक वेळा अधिक चांगला वाटतो, आणि आक्काने पडद्याआडून सोळा वेळा तार बदलली. दाजींनी नऊ वेळा बरोबर ओळखले. निव्वळ योगायोग नाही असे म्हणायला सोळांपैकी किमान बारा हवे होते. मेयर आणि मोरान या संशोधकांनी २००७ मध्ये याच जातीचा प्रयोग मोठ्या प्रमाणावर प्रसिद्ध केला होता : उच्च दर्जाच्या ध्वनिमुद्रणाच्या वाटेत सीडी दर्जाचा टप्पा घातला, आणि ५५४ प्रयत्नांत ऐकणाऱ्यांची उत्तरे जवळजवळ निम्मीच बरोबर आली. दाजींना ते पटले नाही. माझा आग्रह एवढाच होता की त्या डॅकच्या किमतीत आप्पांसाठी दोन जोड्या स्पीकर आले असते.

काही गोष्टी आधीच सांगायला हव्या होत्या. २०१६ मध्ये राइस या संशोधकांनी अनेक प्रयोगांची आकडेवारी एकत्र करून अगदी थोडा पण खरा फरक ओळखला जातो असे दाखवले आहे, त्यामुळे ‘कोणालाच कधीही फरक कळत नाही’ असे मी म्हणणार नाही. चादरी आणि गाद्यांनी ४७ हर्ट्झसारख्या खोल घुमाऱ्याला फारसा फरक पडत नाही, तो स्पीकर आणि बैठक हलवूनच आवरतो; आणि चारही भिंतींवर चादरी टांगल्या तर वरची पट्टी मरते, जी आपल्या वडिलांसाठी जपायची आहे. वीज अचानक गेली की रास्पबेरी पायचे मेमरी कार्ड बिघडू शकते, म्हणून तो इन्व्हर्टरवर ठेवा आणि गाण्यांची दुसरी प्रत वेगळ्या डिस्कवर असू द्या. आपल्याकडच्या उन्हाळ्यात रास्पबेरी पाय बंद कपाटात ठेवू नका. ८० अंश सेल्सियसला पोहोचला की तो स्वतःचा वेग कमी करतो. स्पीकरमधून सतत घूं असा आवाज येत असेल तर लॅपटॉपचा चार्जर काढून पाहा. आवाज थांबला तर दोष स्पीकरचा नसून बहुधा चार्जर किंवा अर्थिंगच्या वाटेने येत आहे. आणि वडिलांची श्रवणचाचणी झाली नसेल तर ती स्पीकरच्या आधी करून घ्या, कारण श्रवणयंत्राची गरज असेल तर कुठलाही स्पीकर तिची जागा घेणार नाही.

दुकानात जाताना वडिलांना सोबत न्या आणि त्यांच्या आवडीचे, शब्द असलेले गाणे पेन ड्राइव्हवर घेऊन जा. खोलीची लांबी, रुंदी, उंची आणि वडील कुठे बसतात हे फुटांत लिहून कळवलेत, तर स्पीकर कुठे ठेवावेत हे मी सांगू शकेन.