तुमचे प्रश्न : टोपात टांगलेला चिरा

प्रश्न : मुलीला विज्ञान प्रदर्शनासाठी जांभ्याची घनता काढायची आहे. चिऱ्याचा कपचा मुठीएवढा, तो शाळेच्या मोजपात्रात मावत नाही. टोप काठोकाठ भरून सांडलेलं पाणी मोजलं तर दर वेळी निराळा आकडा. शिवाय दगड बुडबुडे सोडत बसतो, ते वेगळंच. सासूबाई म्हणतात, "सांडलला पाणी मोजूचा कसा?" आता तुम्हीच सांगा.
— एक वाचक, मालवण

उत्तर : सासूबाईंना माझा नमस्कार कळवा. सांडलेलं पाणी मोजूच नये. टोप काठोकाठ भरला की पाणी काठाच्या वर थोडं फुगून राहतं आणि दगड घातला की कधी जास्त सांडतं, कधी कमी. काही टोपाला बाहेरून चिकटून खाली ओघळतं. न सांडता पातळी किती चढली ते पाहावं म्हटलं, तर २० सेंटिमीटर व्यासाच्या टोपात एक मिलिमीटर म्हणजे सुमारे ३१ घन सेंटिमीटर. तुमचा कपचा फार तर सव्वाशेचा असेल. पट्टी एक मिलिमीटर चुकली की पाव दगड गेला!

घरात पीठ-साखर मोजायचा इलेक्ट्रॉनिक काटा आहे ना? त्यावर अर्धा भरलेला टोप ठेवा आणि बटण दाबून आकडा शून्यावर आणा. दगडाला बारीक दोरा बांधून तो पाण्यात पूर्ण बुडवा, पण तळाला किंवा कडेला टेकू देऊ नका. काटा जितके ग्रॅम दाखवील, तितके घन सेंटिमीटर दगडाचं आकारमान. पाणी दगडाला वर ढकलतं तेव्हा दगडही पाण्याला तेवढ्याच जोराने खाली दाबतो. हा जोर म्हणजे दगडाने बाजूला सारलेल्या पाण्याचं वजन, आणि एक घन सेंटिमीटर पाणी एक ग्रॅमचं. आपल्याकडच्या तीस अंशांच्या पाण्यात अर्ध्या टक्क्याहून कमी फरक पडतो, तो सोडून द्या. पाणी मात्र गोडं घ्या. खाडीकाठच्या मचूळ विहिरीचं नको.

मग दोरा सैल सोडून दगड तळाला टेकू द्या. आता काटा दगडाचं पूर्ण वजन दाखवील. टांगला तर आकारमान, टेकला तर वजन. वजनाला आकारमानाने भागलं की घनता. शाळेत मी हे करून दाखवायचो तेव्हा मागच्या बाकावरची मुलंसुद्धा टेबलाभोवती जमायची. सूत्र फळ्यावर लिहिलं की तीच मुलं खिडकीबाहेर बघायची.

आता बुडबुड्यांचं. काळ्या दगडातून मॅग्नेशियम-कॅल्शियम पूर्ण आणि सिलिका बरीचशी पावसाने धुवून नेली, लोह आणि ॲल्युमिनियम मागे राहिलं, त्याचा जांभा झाला. तो भोकाभोकांचा असतो आणि ती भोकं पाणी पितात. म्हणून आधी दगड दोन-तीन दिवस कडक उन्हात वाळवून कोरडं वजन घ्या. मग रात्रभर पाण्यात बुडवून ठेवा, बुडबुडे थांबू द्या, ओल्या फडक्याने पुसून पुन्हा वजन करा. शेवटी टांगा.

समजा कोरडा २४० ग्रॅम, भिजलेला २७०, टांगल्यावर आकडा १२०. चिऱ्याची घनता २४० भागिले १२०, म्हणजे २. प्यायलेलं पाणी ३० ग्रॅम, म्हणजे १२० पैकी ३० घन सेंटिमीटर नुसती भोकं. ती वगळली तर २४० भागिले ९०, सुमारे २.६७. एकाच दगडाच्या दोन घनता, आणि दोन्ही खऱ्या. भिंतीवर किती भार येईल ते काढायला पहिली, दगड कशाचा बनलाय ते कळायला दुसरी. मुलीने दोन्ही तक्त्यावर मांडाव्यात, शेजारी किनाऱ्यावरचा एखादा काळा दगड ठेवावा. त्याची साधारण २.९ च्या आसपास येईल.

तरंगणाऱ्या वस्तूचं काम तर आणखी सोपं. सोललेला नारळ पाण्यावर नुसता ठेवला की काटा त्याचं वजन दाखवतो. दाभणाच्या टोकाने तो जेमतेम पाण्याखाली दाबा, आकारमान दिसतं. टोप मात्र मोठा घ्या.

सोन्याची अंगठी टांगून सोनाराशी भांडायला जाऊ नका. दहा ग्रॅम शुद्ध सोनं अर्ध्या घन सेंटिमीटरच्या जरा वर भरतं. एक ग्रॅमच्या काट्याला ते दिसणारच नाही.

प्रश्न : हापूस पाण्यात बुडला की काढणीला तयार, हे खरं का? काट्यावर तपासावा का?
— एक बागायतदार, देवगड

उत्तर : खरं आहे. तयार फळाची घनता १.०१ ते १.०२ असते, कोवळं फळ तरंगतं. पण काटा इथे निरुपयोगी. अडीचशे ग्रॅमच्या फळात १.०१ आणि १.०२ यांच्यात आकारमानाचा फरक जेमतेम अडीच घन सेंटिमीटर. तेवढी चूक तर हात हलला तरी होते. साधी बादलीच बरी. त्यात समुद्राचं पाणी नको. त्याची घनता १.०२५, त्यात चांगला तयार आंबाही तरंगेल आणि तुम्ही तो कोवळा म्हणून बाजूला टाकाल. भाताचं बियाणं निवडताना दहा लिटर पाण्यात तीनशे ग्रॅम मीठ घालतात ते याच हिशेबाने. तिथे पाणी मुद्दाम जड करायचं असतं, म्हणजे पोचट दाणे वर येतात.

प्रश्न : गुळाच्या खड्याचं कसं करायचं? तो विरघळतो.
— इयत्ता नववी, गुहागर

उत्तर : पाण्याऐवजी खोबरेल घे. टांगल्यावर येणारा आकडा ०.९२ ने भाग, कारण खोबरेल पाण्याहून हलकं. थंडीतल्या सकाळी ते गोठलेलं असेल, तेव्हा प्रयोग दुपारी कर, आणि आईला विचारून.