अँब्रोज बिअर्सच्या युद्धकथा आधी वाचाव्यात की भयकथा?

तुम्ही लिहिलंय की एडगर ॲलन पो वाचून झाला, आता अमेरिकन कथाकार अँब्रोज बिअर्स हातात घ्यायचाय, पण युद्धकथांपासून सुरुवात करावी की भयकथांपासून ते कळत नाही.

युद्धकथांपासून करा. घाबरायची हौस असेल तरीही. बिअर्सने भुताखेतांच्या गोष्टी पुष्कळ लिहिल्या, पण अंगावर काटा येतो तो त्याच्या सैनिकांच्या गोष्टी वाचताना, आणि त्यात भूत औषधालासुद्धा नसतं.

आधी माणूस थोडक्यात. जन्म 1842चा, ओहायोतला, वाढला इंडियानात. (तेरा भावंडं, आणि सगळ्यांची नावं वडिलांनी ‘ए’ अक्षरावरून ठेवलेली. घरातच विक्षिप्तपणा होता म्हणायचा.) 1861मध्ये अमेरिकेतलं यादवी युद्ध पेटलं तेव्हा अठराव्या वर्षी उत्तरेच्या बाजूने पायदळात भरती झाला. शायलो आणि चिकामॉगा या दोन्ही लढायांत होता. पुढे जनरल हेझनच्या हाताखाली नकाशे काढायचं काम मिळालं: पुढे जाऊन रस्ता, ओढा, चढ-उतार बघायचे आणि कागदावर आणायचे. 23 जून 1864ला जॉर्जियात केनेसॉ डोंगरापाशी डोक्याला गोळी लागली, त्यातून वाचला. नंतर सॅन फ्रान्सिस्कोत पत्रकार झाला, वृत्तपत्रमालक हर्स्टच्या ‘एक्झॅमिनर’मध्ये सदर लिहून त्याने भल्याभल्यांची सालटी काढली. त्याच्या गाजलेल्या बऱ्याच कथा आधी याच वर्तमानपत्रात आल्या. त्यांचं पुस्तक मोठ्या प्रकाशकांनी नाकारलं; शेवटी गावातल्या एका व्यापाऱ्याच्या मदतीने निघालं, आणि बिअर्सने प्रस्तावनेत त्या व्यापाऱ्याचं नाव घेऊन हे सगळं छापलं!

आता कथा. मी ‘वन ऑफ द मिसिंग’ आधी वाचायला सांगेन. जेरोम सीअरिंग हा उत्तरेच्या जनरल शर्मनच्या फौजेतला शिपाई, टेहळणीत पटाईत. जागा कुठली? केनेसॉच. शत्रू काय करतोय ते बघून परत यायचं, एवढंच त्याचं काम, आणि ते झालेलंही असतं. शत्रू माघार घेतोय हे त्याने एका पडक्या इमारतीतून पाहिलेलं असतं. पण निघता निघता त्याला हुक्की येते की एखादा टिपावा. तो बंदुकीचा घोडा चढवतो. त्याच वेळी बऱ्याच अंतरावर शत्रूचा एक तोफखान्याचा कॅप्टन आपली निघायची पाळी येईपर्यंत करायला काही नाही म्हणून भलतीकडेच नेम धरून तोफ डागतो. दोघांचाही रिकामपणचा उद्योग. गोळा नेम चुकून या इमारतीवर येतो आणि सगळं सीअरिंगच्या अंगावर कोसळतं.

तो शुद्धीवर येतो तेव्हा लाकडांखाली असा चेपलेला असतो की डोकंही वळवता येत नाही. समोर काहीतरी धातूचं गोल कडं दिसतं. काय आहे ते आधी नीट लागत नाही. मग कळतं, ती आपलीच बंदूक आहे, नळी थेट कपाळावर रोखलेली, आणि घोडा आपणच चढवलेला. इथून पुढे काहीही घडत नाही. बिअर्स तुम्हाला त्या नळीकडे बघत बसवतो. सीअरिंग डोळे मिटतो तर कपाळाच्या मध्यावर ठणका सुरू होतो. उघडले की थांबतो. पुन्हा मिटतो, पुन्हा ठणका. ढिगाऱ्याबाहेर घड्याळात जेमतेम 22 मिनिटं जातात. ज्याच्या स्वतःच्या डोक्याला त्याच डोंगरापाशी गोळी लागली होती, त्याने हे लिहिलंय हे वाचताना विसरता येत नाही. बंदूक सुटते की नाही, ते मी सांगत नाही.

नंतर ‘चिकामॉगा’. सहाएक वर्षांचा मुलगा लाकडी तलवार घेऊन रानात लढाई-लढाई खेळायला जातो, वाट चुकतो, दमून झोपतो. उठतो तर संध्याकाळच्या अंधुक उजेडात माणसं रांगत येताना दिसतात, एकदोन नव्हे, रानभर. पोराला मजा वाटते. रांगणाऱ्या एकाच्या पाठीवर तो घोडा-घोडा करून चढून बसतो. तो माणूस त्याला झटकून टाकतो आणि वळून बघतो, तर त्याला खालचा जबडाच नाही. मुलगा जरा लांब होतो, मग पुन्हा तलवार उपसून या फौजेचा सेनापती होऊन पुढे चालायला लागतो. सैन्याच्या शौर्याची इतकी क्रूर टर मी दुसरीकडे वाचलेली नाही, आणि त्यात लेखकाचा एकही शेरा नाही. एवढी मोठी लढाई शेजारी चालू असताना पोरगं झोपलं कसं, याचं उत्तर शेवटच्या ओळींत आहे. पानं उलटून आधी बघू नका.

धारपांच्या कथांत वातावरण हळूहळू चढत जातं, तसं बिअर्सकडे शोधू नका. तो अहवाल लिहावा तसा लिहितो: पूल किती उंच, पहारेकरी कुठे, बंदूक कशी धरलेली. नकाशेवाल्याची नजर. आणि त्याच कोरड्या सुरात मध्येच चिमटा. त्याच्या उपरोधिक शब्दकोशात तोफेचा अर्थ दिलाय: राष्ट्रांच्या सीमा दुरुस्त करायचं साधन. नकाशे काढलेला माणूसच हे लिहू जाणे.

‘ॲन अकरन्स ॲट आउल क्रीक ब्रिज’ (1890) ही त्याची सर्वांत प्रसिद्ध कथा: अलाबामातला रेल्वेपूल, गळ्यात फास अडकवलेला एक मळेवाला, खाली वाहतं पाणी. हिच्यावरच्या फ्रेंच लघुपटाला ऑस्करही मिळालं. तिचा शेवट कुठे ना कुठे तुमच्या कानावर पडणारच, तेव्हा त्याआधी वाचून टाका.

भयकथांपैकी ‘द डॅम्ड थिंग’ जरूर घ्या. डोळ्यांना न दिसणाऱ्या कशाने तरी माणूस मेलाय आणि त्याच्याच घरात, प्रेत समोर ठेवून, गावच्या पंचांचा पंचनामा चाललाय. पंचांचा निर्णय: मृत्यू डोंगरी सिंहामुळे, पण आमच्यातल्या काहींना वाटतं की त्याला फिट आली असावी. मला भीतीपेक्षा तो पंचनामाच जास्त आवडतो. ‘द मूनलिट रोड’मध्ये एकाच खुनाच्या तीन जबान्या आहेत, त्यातली एक मेलेल्या बाईची. बाकीच्या भूतकथा जमल्या तर वाचा.

दोष आहेतच. योगायोग फार. मुलाच्या बंदुकीपुढे नेमका बाप यावा, तोफ नेमकी स्वतःच्या घरावर डागायची वेळ यावी, हे एकदा चालतं; सलग वाचलं की पुढचा धक्का आधीच दिसायला लागतो. स्त्रिया तर नावापुरत्याच. म्हणून एका बैठकीत दोनच कथा वाचा. इंग्रजी एकोणिसाव्या शतकातलं आहे, वाक्यं लांबलचक, पण कथा आठ-दहा पानांच्या. हक्क संपलेले असल्याने प्रोजेक्ट गुटेनबर्गवर फुकट मिळतील.

शोधायला गेलात की 1913मध्ये, एकाहत्तराव्या वर्षी तो मेक्सिकोत जाऊन बेपत्ता झाला, यावरच ढीगभर मजकूर सापडेल. तर्कच आहेत सगळे, त्यात अडकू नका. त्याऐवजी ‘ऑइल ऑफ डॉग’ वाचा: वडिलांचा कुत्र्यांचं तेल काढायचा धंदा, आईचा नको असलेली बाळं ‘मार्गी लावायचा’, आणि हे सगळं सांगणारा त्यांचा अत्यंत आज्ञाधारक मुलगा. मात्र जेवण झाल्या झाल्या वाचायला घेऊ नका.