‘लेट’ : मुभा की अडथळा?

प्रश्न : भारतीय पासपोर्टवरील इंग्रजी मजकुरात धारकाला ‘विदाउट लेट ऑर हिंड्रन्स’ जाऊ द्यावे, अशी विनंती असते. ‘लेट’ म्हणजे ‘होऊ देणे’. मग येथे अर्थ उलटा कसा?

उत्तर : जुन्या इंग्रजीत ‘होऊ देणे’ आणि ‘अडवणे’ या अर्थांची दोन वेगळी क्रियापदे होती, कालांतराने त्यांचे उच्चार एक झाल्याने परस्परविरोधी अर्थ एकाच रूपात नांदू लागले. घर भाड्याने देण्याचा ‘लेट’ पहिल्याचाच. अडथळ्याचा ‘लेट’ आज मुख्यतः कायद्याच्या ठरीव भाषेत आणि टेनिसमध्ये उरला आहे, जेथे सर्व्हिसचा चेंडू जाळीला स्पर्शून योग्य चौकटीत पडला की ‘लेट’ पुकारून ती सर्व्हिस पुन्हा घेतली जाते. गंमत म्हणजे, देवनागरीत हुबेहूब तसाच दिसणारा उशिराचा ‘लेट’ या अडथळ्याच्या ‘लेट’चा खरोखरच सख्खा नातलग आहे.